चौघींतली तिसरी

त्या बाईने माझा हात धरला यात नवल काहीच नव्हतं. दातांच्या दवाखान्यात अठरा वर्षं काढल्यावर हात धरून घ्यायची सवय होते. सुई दिसली की भले भले माझा हात धरतात. एका पोलिसाने तर असा धरला होता की दोन दिवस मला कपडे पिळता येईनात. कुणी मनगट आवळतं, कुणी बोटं चुरगाळतं, कुणी नुसतीच बाही ओढत राहतं, आणि भूल चढली की सगळे लाजून सोडतात. ह्या बाईचं तसं झालं नाही. खुर्ची मागे झुकवून झाली होती, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून झाला होता, डॉक्टर म्हणाले, "आता जरासं टोचेल हं," आणि तिचा उजवा हात पोटावरून आडवा, डावीकडे, माझ्या बाजूला आला. माझ्या उजव्या हातात सक्शनची नळी होती. डावा तेवढा मोकळा होता. तो तिने न बघता घेतला, आणि घेताना अंगठा आत दुमडला. चार बोटं वर, अंगठा तळहाताच्या आत, कुणाला दिसणार नाही असा. हातमोज्यातूनसुद्धा मला तो अंगठा कळला. नळी तिच्या जिभेला चिकटून फुर्रर्र वाजली, तसे डॉक्टर म्हणाले, "काय मावशी, झोप झाली नाही का?" मी म्हटलं, "झाली की." हा पोरगा मला मावशी म्हणतो. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, पण एप्रन घातलेल्या प्रत्येक बाईला मावशी म्हणायचं असं त्याला कॉलेजात शिकवलं असावं.

अंगठा आत. हे दोन शब्द मी बावीस वर्षांत तोंडाने उच्चारले नव्हते. बॅलेच्या शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या बाई हातात फूटपट्टी घेऊन आमच्यासमोरून उलट्या चालायच्या आणि जिचा अंगठा बाहेर दिसेल तिच्या नखावर ती पट्टी टेकवायच्या. मारायच्या नाहीत, नुसती टेकवायच्या, आणि त्याचीच जास्त लाज वाटायची. चार पिल्लांचा नाच होता तो. हंसांच्या त्या बॅलेत तळ्याकाठी चोवीस मुली असतात, राणी असते, राजपुत्र असतो, पण येणाऱ्यांतले निम्मे लोक ह्या चार पिल्लांची वाट बघत बसलेले असतात. जेमतेम दीड-दोन मिनिटांचं काम. चार मुली एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, हात पोटापुढे फुली मारून शेजारणीच्या हातात गुंतवलेले. कमरेच्या वर काही हलायचं नाही, फक्त माना. चार माना एकदम उजवीकडे, एकदम खाली, एकदम डावीकडे. खाली आठ पाय बोटांच्या टोकांवर टुकटुक करत कडेकडेने जातात, मग सोळा मांजरउड्या, मग पुन्हा टुकटुक. हात बांधलेले, त्यामुळे तोल गेला तर सावरायला काही नाही. सगळ्या नाचात हात सुटतात ते एकदाच, अगदी शेवटी. बाई सांगायच्या, "पिल्लं भितात म्हणून एकमेकींना धरून आहेत. शेवटी उडावंसं वाटतं म्हणून सोडतात. आणि गुडघ्यावर पडतात. एवढंच आहे हे, जास्त शहाणपणा करू नका." आम्ही तेव्हा एकोणीस वर्षांच्या होतो आणि जास्त शहाणपणा करण्याइतका दम उरायचाच नाही.

चौघींची उंची एकच. बाईंनी सरावाच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारली होती आणि त्या रेघेला जिची टाळू लागेल ती घेतली होती. पहिली होती ताई, आमच्याहून दोन वर्षांनी मोठी म्हणून ताई. दुसरी गोटी, कारण पोटऱ्या गोट्यांसारख्या टणक. तिसरी मी, काठी. चौथी शेपूट. खरी नावं हजेरीपुरती होती. मला गोटीचं खरं नाव आठवावं लागतं आणि आठवलं तरी ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. मी तिच्या डाव्या हाताला उभी असायचे. तिचा उजवा हात फुली मारून माझ्याकडे यायचा, माझा डावा हात फुली मारून तिच्याकडे जायचा, आणि ते दोन हात तीन वर्षं, रविवार सोडून रोज, तासन्तास एकमेकांत असायचे. आईचा हात मी एवढा धरला नाही. नवऱ्याचा तर नाहीच. ओल्या घामाने ते हात घसरायचे म्हणून आम्ही बुटांना लावायची राळ चोरून तळव्यांना लावायचो, आणि मग सुटताना चर्र आवाज व्हायचा. माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या तळहाताबद्दल मला जेवढं माहीत नाही तेवढं गोटीच्या तळहाताबद्दल माहीत होतं. मधल्या बोटाच्या मुळाशी एक घट्टा होता, करंगळी कायम गार असायची.

आता हातमोज्यातून मला ना घट्टा कळत होता ना गारवा. ही आपली कुणीही असेल, मी स्वतःला बजावलं. शहरात काय कमी बायका आहेत? अंगठा आत घेणारी एखादी असतेच. आमच्याकडे पेशंट नावाने येत नाहीत, दातांनी येतात. काउंटरवरची मुलगी दारातून डोकं घालून सांगते, "पुढची खालची डावी सहावी दाढ, रूट कॅनॉल," की मी ट्रे लावते. फाइलवर नवऱ्याचं आडनाव, आधी दोन इंग्रजी अक्षरं. त्या अक्षरांवरून कोण काय ओळखणार. तोंडही बघितलं नव्हतं नीट, ती आत आली तेव्हा मी भांड्यातून अवजारं काढत होते. वळले तोवर ती आडवी झाली होती, चष्मा चढला होता, आणि पाचच मिनिटांत डॉक्टरांनी तिच्या तोंडावर रबराचा निळा पडदा ताणला. त्या पडद्याला एक भोक, भोकातून वर आलेली एक दाढ, बाकी माणूस गायब. एरवी मला ते आवडतं. आजारी दाढेशीच काय तो संबंध, बाकीच्यांची गाऱ्हाणी ऐकायला नकोत. आज मला तो पडदा ओढून काढावासा वाटत होता.

आणि मग तिची पावलं दिसली. डॉक्टरांनी दुसरी सुई दिली, हाडाजवळची, ती खरंच दुखते. दुखलं की माणूस पावलं आखडतो, बोटं मुडपतो, टाच खुर्चीवर आपटतो. मी अठरा वर्षं खुर्चीच्या त्या टोकाला असलेली पावलं बघतेय. ह्या बाईने पावलं ताणली. साध्या चपट्या बुटांतून, घोट्यापासून टोकापर्यंत, एक सरळ रेघ. दुखतंय तोवर ताणून धरली आणि मग हळू खाली आणली. मला एकदम रडायला आलं. मास्कच्या आत रडण्याची सोय चांगली असते, पण चष्म्यावर वाफ धरते. "मावशी, नळी," डॉक्टर म्हणाले. मी नळी जागेवर नेली. एरवी त्यांना मला काही सांगावं लागत नाही. त्यांचा हात मागे येतो, मी त्यात जे हवं ते ठेवते, दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही. सगळे म्हणतात, "मावशींना न बोलता कळतं." कळणारच. न बघता शेजारच्याचा पुढचा ठोका ओळखणं, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात नीट शिकलेय, ती कुठे शिकले ते ह्या दवाखान्यात कुणाला माहीत नाही. अंगाने मी आता अशी झालेय की बॅले म्हटलं तर काउंटरवरची खुर्चीतून पडेल.

फाइलवर लाल पेनाने एक ओळ होती: डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोलावे. ती मी सकाळीच वाचली होती. वाचून ट्रे लावला होता. अशा ओळी रोज असतात, साखर आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, भूल लवकर चढत नाही. तेव्हा काहीही वाटलं नव्हतं. आता ती ओळ डोळ्यांपुढून हलेना.

गोटीच्या कानाचं फक्त मला माहीत होतं. त्या वर्षीच्या हिवाळ्यात एक दिवस सराव संपल्यावर ती बूट सोडत बाकावर बसली होती, ती म्हणाली, "काठे, एक सांगू? कुणाला बोलायचं नाही हं." मी म्हटलं, "लग्न ठरलं काय?" ती हसली नाही. "डाव्या कानात शिट्टी वाजते. किटली ठेवल्यासारखी. वाजायला लागली की दुसऱ्या कानातलंही बुडतं. ठोका ऐकूच येत नाही गं मला." मी म्हटलं डॉक्टरला दाखव. ती म्हणाली दाखवलंय, हे वाढतच जाणार आहे. मग बराच वेळ ती रिबिनीची गाठ सोडवत राहिली, सुटलेली गाठ पुन्हा बांधून पुन्हा सोडवली. "बाईंना कळलं तर संपलं," ती म्हणाली. मी कशी कोण जाणे, जरासुद्धा विचार न करता बोलून गेले, "मी दाबत जाईन की. मान वळायच्या आधी एकदा हात दाबीन. तू माझ्या हाताने मोज." आणि तसंच आम्ही करायला लागलो. तिने ऐकणं सोडलं. नुसता माझा हात. वाद्यांची टुकटुक माझ्या कानांत शिरायची आणि हातातून तिच्या मानेत निघायची. त्या चार महिन्यांसारखं मला पुन्हा कधीच वाटलं नाही. संसार झाला, मुलगा झाला, पण आपल्यावाचून एखाद्याचं पाऊल अडावं आणि आपल्यामुळे ते बरोबर पडावं, हे सुख पुन्हा नाही. सांगायलाही लाज वाटते, पण आहे ते आहे.

कधीकधी मी दाबायला उशीर करायचे आणि तिची मान चुकायची. तेव्हा बाईंचा नियम कामाला यायचा. बाईंचा नियम असा होता की एक चुकली तर चौघींनी चुकायचं. "समोर बसलेल्याला नाच कळत नाही," त्या म्हणायच्या, "त्याला फक्त वेगळं कोण आहे ते कळतं. तिघी बरोबर आणि एक चूक, तर तो हसेल. चौघी चूक, तर तो टाळ्या वाजवील." हे आम्ही इतकं घोटलं होतं की डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीची मान निघाली रे निघाली की आपली आपोआप तिकडे जायची. विचार करायला वेळच नव्हता. गोटी चुकली की आम्ही तिघी तिच्यासकट चुकायचो आणि खुद्द बाईंनाही पत्ता लागायचा नाही. ताई एकदा म्हणालीसुद्धा, "हल्ली आपण फार वेळा चुकतो बाई, पण झकास चुकतो."

डॉक्टर दाढेच्या आत बारीक सुया घालत होते, एकापाठोपाठ एक, पहिल्यापेक्षा दुसरी जाड. "दहा द्या. पंधरा द्या." मी उजव्या हाताने नळी छातीशी टेकवायची, सुई द्यायची, पुन्हा नळी धरायची. सर्कस चालली होती. "मावशी, हात सोडवून घ्या की," डॉक्टर म्हणाले, "त्यांना आता दुखत नाहीये." मी म्हटलं, "राहू दे हो, घाबरल्यात." घाबरलेलं कोण होतं ते माझं मला माहीत. ती निवांत पडली होती, श्वास एकसारखा चालला होता. मी तिच्या बाजूला वाकले, पडदा नीट करायच्या निमित्ताने, आणि मास्कच्या आतून म्हणाले, "गोटी." डाव्या कानाशी. काहीच झालं नाही. बोटसुद्धा हललं नाही. एकतर ही गोटी नव्हती, नाहीतर होती आणि मी नेमकी त्याच कानाशी बोलत होते. डॉक्टरांनी मात्र ऐकलं. "काय म्हणालात?" "काही नाही. गाठी म्हटलं. रबराला गाठी पडल्यात." "रबराला?" ते म्हणाले आणि पुन्हा दाढेत डोकं घालून बसले.

ती होती, तर मला तिला एक गोष्ट सांगायची होती. बावीस वर्षं ती माझ्याकडे तयार आहे. भाजी चिरताना, ट्रे धुताना, बसची वाट बघताना मी ती शेकडो वेळा बोलून बघितलीय, कधी छोटी करून, कधी रडून, कधी अगदी सहज, अगं हो, एक राहिलंच, अशी. गोटी, बाईंना तुझ्या कानाचं मी सांगितलं. एवढंच वाक्य आहे. पुढचं तिने काय म्हणायचं ते तिचं.

प्रयोगाच्या त्या दिवशी पहिल्या रांगेत एक पाहुणे बसणार होते. मोठ्या कंपनीतले, एका मुलीला निवडून न्यायला आलेले. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्या माहीत नसल्यासारखं वागत होत्या. मी दुपारभर आरशासमोर हनुवटी वर करून बघत होते. चार सारख्या मुलींतून एक निवडायची तर कशी निवडतील, ह्या विचाराने माझं डोकं फिरलं होतं. पडदा वर गेला, टुकटुक सुरू झाली, आणि मी त्या माणसाच्या चष्म्यावर चमकणारा उजेड बघत राहिले. किती छान नाचत होते मी! पावलं अशी पडत होती की जमीन आपण होऊन वर येतेय. आणि माझा हात गोटीच्या हातात होता, पण मी तिथे नव्हते. मी दाबलंच नाही. नेमकी उजवीकडची मान आली, तेव्हाच नाही. गोटी वाट बघत राहिली असणार. मग तिने अंदाजाने मान वळवली, डावीकडे. ताई वळली, शेपूट वळली. तिघींच्या माना डावीकडे, आणि माझी एकटीची, अगदी बरोबर, उजवीकडे. प्रेक्षागृहात हसू पसरलं ते मला ऐकू आलं. मोठं नव्हतं. खुर्च्या सरकल्यासारखं.

रंगपटात सगळ्यांना वाटलं चुकले ती मीच. शेपूट माझ्याकडे बघून खांदे उडवून गेली. गोटीने माझी पाठ चोळली. मला ती पाठ चोळणं सहन झालं नाही. बरोबर असून पाठ चोळून घ्यायची? दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी बसून पिसांचा फाटलेला घेर शिवत होत्या. मी म्हटलं, "बाई, काल मी बरोबर होते." त्या वर न बघता म्हणाल्या, "ठाऊक आहे. मला डोळे आहेत. तू का नाही चुकलीस, ते सांग." पाहुण्यांकडे बघत होते म्हणून? हात दाबायचा विसरले म्हणून? मग मी ते बोलले. म्हटलं, कालचीच गोष्ट नाही, ती महिनोन् महिने चुकतेय, आम्ही झाकतोय, तिला ऐकू येत नाही. डाव्या कानाने येत नाही. बाईंची सुई थांबली. "तिने सांगितलं तुला?" "हो." "कुणाला सांगू नकोस म्हणाली?" मी मान हलवली. बाईंनी दोरा दाताने तोडला. "जा," म्हणाल्या. आठवड्याने त्यांनी गोटीला चौकटीपाशी उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, तू वाढलीस. पेन्सिलीची रेघ होती तिथेच होती. मी बघितलं. गोटी स्वतःच्या टाळूवर हात ठेवून हसली, "एकोणिसाव्या वर्षी कुणी वाढतं का हो बाई?" तिला मागच्या रांगेत घातलं. तिथे हात धरायला कुणी नसतं. उन्हाळ्यापूर्वी ती आईवडिलांबरोबर दुसऱ्या शहरात गेली. पाहुण्यांनी कुणालाच नेलं नाही.

माझ्या शेजारी दुसरी मुलगी आली. चांगली होती बिचारी. पण तिचा हात माझ्या हातात नुसता ठेवलेला असायचा. दोन वर्षं कशीबशी काढली आणि सोडलं. लग्नानंतर नवरा म्हणायचा, "रस्ता ओलांडताना तू माझा हात असा उलटा काय धरतेस? पाय अडकून पडशील." हसायचा. अजूनही म्हणतो. मी फुली मारून धरते, मला कळतच नाही.

"एक्स-रे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे आम्ही दोघांनी बाहेर जायचं आणि तिने एकटीने पडून राहायचं. हात सोडावा लागला. दाराबाहेर उभं राहून डॉक्टरांनी बटण दाबलं, फोनवर काहीतरी बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मावशी, बरं नाहीये का तुम्हाला? घरी जाताय का?" मी इतक्या जोरात नाही म्हणाले की काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. आत आलो तर तिचा हात पोटावर पडलेला होता, उताणा. तो माझ्याकडे आला नाही. भूल पूर्ण चढली होती, आता तिला हात कशाला हवा? मी दहापर्यंत मोजलं. मग मीच घेतला. डाव्या हाताने, अंगठा आत. तिचा श्वास मध्येच थांबला, मग पुन्हा चालू झाला. तिची बोटं मिटली. त्यानंतरची वीस मिनिटं डॉक्टरांनी काय भरलं, मी काय दिलं, मला आठवत नाही. ती वीस मिनिटं संपू नयेत असं मात्र फार वाटत होतं. संपली की पडदा निघणार आणि मला बोलावं लागणार.

पडदा निघाला. चष्मा निघाला. गालावर रबराचे वळ, डोळ्यांखाली काळं, कानावर पांढरे केस. डॉक्टर हात धुवून पुढच्या खोलीत गेले. ती उठून बसली, चूळ भरली, अर्धं पाणी बधिर ओठातून हनुवटीवर आलं. मी कागद पुढे केला आणि मास्क खाली ओढला. ती बघत राहिली. "काठी," ती म्हणाली. बधिर तोंडाने शब्द वेडावाकडा निघाला, तरी तिने तो पुन्हा म्हटला. "अगं काठी! केवढी जाडी झालीस गं!" आणि आम्ही दोघी हसायला लागलो. तिचं हसू एकाच बाजूने होत होतं, तोंडाची दुसरी बाजू तशीच. "एक्स-रेनंतर हात धरलास ना, तेव्हाच वाटलं. म्हटलं दातांच्या दवाखान्यात असा हात कोण धरतं? पण तोंडात एवढं सगळं घातलेलं, विचारणार कशी?" मी म्हटलं, "मी हाक मारली होती." "कुठून?" "इथून." तिने डाव्या कानावर टिचकी मारली. "इथून तू तोफ उडवलीस तरी नाही कळायचं. लोक विचारतात कशाने गेला, मी सांगते वयाने. इकडून ये."

मी खुर्चीला वळसा घालून तिच्या उजवीकडे गेले. तिथे डॉक्टरांचं स्टूल होतं, त्यावर बसले. तिने पटापट सगळं सांगितलं, लेकीच्या कॉलेजसाठी परत ह्या शहरात आलीय, नवरा तिकडेच असतो, महिन्यातून एकदा येतो, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, गुडघे बोलतात. मी हं हं करत होते. वाक्य तोंडात आलं होतं. "गोटी," मी म्हणाले, "त्या वेळचं एक सांगायचंय. बाईंना मी..."

"हं, थांब, मीच सांगते," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अगं तो पाहुणे आलेला दिवस ना? तू अजून तेच धरून बसलीस? मला तेव्हाच कळलं होतं तुला किती लागलंय ते. पण तू नंतर बोलायलाच तयार नाहीस, नुसती पळायचीस. माझ्या मनात कधी राग नव्हता गं. लेकीला मी तुझं किती सांगते माहितीये? म्हणते, चार महिने मी एका मैत्रिणीच्या हाताने ऐकत होते. एकही ठोका चुकला नाही तिचा. बाईंनाही कधी पत्ता लागला नाही, शेवटी उंचीने घात केला म्हणून, नाहीतर कुणाला कळलं असतं? लेकीला खरं नाही वाटत." ओठातून लाळ आली ती तिने कागदाने टिपली. "त्या दिवशीसुद्धा तू बरोबर दाबलंस आणि मी वळले. तूच कुठे बघत होतीस देव जाणे. एवढ्या-तेवढ्याचं काय घेऊन बसायचं? मान चुकली तुझी. हात कधी चुकला नाही."

तिचे डोळे भरले होते. बाहेरून काउंटरवरची ओरडली, "मावशी, वरची उजवी चौथी आलीय." मी तिच्याकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर हे तिच्याकडून मीच काढून घेतलं असतं, आणि न सांगितलं तर ते वाक्य पुढेही माझ्याकडेच राहणार होतं. मला तिच्याकडून माफी हवी होती, फार हवी होती, आणि ती समोर होती, दुसऱ्याच गोष्टीची.

"हो गं," मी म्हणाले. "मानच चुकली माझी."